माझी हलगी मला परत द्या

रात्रीचे पावणेदोन वाजलेत, सकाळी साडेआठला ड्युटी आहे, आणि मी सांगलीत गावभागातल्या घरी बसून माझ्याच सॅम्पलरमधून, म्हणजे आवाज साठवून पॅडवर वाजवायच्या यंत्रातून, माझेच आवाज एकेक करून उपसतोय. माझेच! मी रेकॉर्ड केलेले, मी कापलेले, मी रचलेले. डोकं फुटायची वेळ आलीय.

या यंत्रात माझे ११८ पॅटर्न, म्हणजे रचून ठेवलेले ठेके, आहेत. हलगी, घुमकं, कैताळ, संबळ, ढोलकी, टाळ. दहा वर्षांचं काम. हलगी आमच्या ओळखीच्या एका मामांची. मळ्यातल्या शेडात दुपारभर वाजवून घेतली होती, मधे मधे जाळावर शेकून चढवत. आता त्यांच्या मनगटात तो जोर राहिलेला नाही. मूळ रेकॉर्डिंग ज्या कॉम्प्युटरवर होतं तो ऑगस्ट २०१९ च्या पुरात गेला. कृष्णेचं पाणी उंबऱ्याला लागलं तेव्हा हाताला येईल ते माडीवर नेलं, त्यात हा सॅम्पलर वाचला. त्या हलगीचं जे काही उरलंय ते या डब्यात. आणि मला ते सगळं कॉम्प्युटरवरच्या सॉफ्टवेअरमध्ये घ्यायचंय, बाकी काही मागत नाही.

सुरुवातच मेमरी कार्डापासून. यंत्राला २ जीबीच्या वरचं कार्ड ओळखता येत नाही, कारण आत फायली साठवायची जुनी फॅट १६ पद्धत. आज २ जीबीचं कार्ड कुठल्या दुकानात मिळतं? सांगली पालथी घातली, मिरजेत विचारलं, शेवटी पुण्याहून एका मित्रानं त्याच्या जुन्या कॅमेऱ्यातलं काढून पाठवलं.

कार्डावर सॅम्पल उतरवले. फायलींची नावं ००१, ००२, ००३. यंत्राच्या पडद्यावर मी ‘हलगी कडक’, ‘हलगी काठी’ अशी नावं घातली होती, ती गायब. पण नावांचं सोडा. सात मिनिटांच्या एका सलग रेकॉर्डिंगचे मी ६४ तुकडे पाडले होते, प्रत्येक ठोका कानानं ऐकून. कॉम्प्युटरवर आली ती अखंड सात मिनिटांची फाइल. कुठं कापलंय याची खूण नाही. हलगी दोन सुरांनी खाली उतरवली होती, तेही नाही. ती सगळी माहिती यंत्राच्या स्वतःच्या फायलीत, जी दुसरं कुणी उघडू शकत नाही.

कार्डावर आलेल्या या आवाजाच्या फायली वेव्ह प्रकारच्या. वेव्ह फाइलमध्ये खुणा ठेवायला जागा नसती तर मी गप्प बसलो असतो. पण जागा आहे! १९९१ पासून वेव्ह आहे, त्यात खुणांसाठी वेगळा कप्पा आहे, लूप, म्हणजे फिरून फिरून वाजणारा तुकडा, कुठून कुठवर आणि मूळ सूर कोणता यासाठी वेगळा कप्पा आहे. तिथं दोन आकडे लिहायचे होते. कंपनीनं लिहिले नाहीत. जमत नव्हतं म्हणून नव्हे, गिऱ्हाईक दारात बांधून ठेवायचं होतं म्हणून.

मग पॅटर्न. मिडी, म्हणजे कोणता ठोका कधी वाजला ते आकड्यांत सांगायची वाद्ययंत्रांची सामाईक भाषा, १९८३ पासून आहे, मिडी फाइलचा ठराव १९८८ चा. माझं यंत्र पॅटर्न मिडीत देतं, पण एका वेळी एकच, आणि स्विंग काढून. म्हणजे माझ्या लावणीच्या ठेक्यातला जो झोल आहे, तो जो मागचा ठोका किंचित ओढून येतो, तो यंत्र वाजवताना वरून लावतं आणि फाइल लिहिताना टाकून देतं. कॉम्प्युटरवर तोच ठेका परेडसारखा सरळ चालतो. अरे, त्या ओढीसाठी मी रात्री घालवल्या आहेत! मामांच्या हातात जे होतं ते त्या ओढीतच होतं. यंत्र एका मात्रेचे ९६ भाग करतं, माझं सॉफ्टवेअर ९६०, बरोब्बर दहापट. प्रत्येक ठोका जिथल्या तिथं बसला असता, एक कणही इकडं तिकडं न होता.

कुणी म्हणेल, मिडी केबल लावून यंत्र चालू कर आणि नोट्स थेट रेकॉर्ड कर. केलं. हातानं पॅड वाजवला तर नोट बाहेर येते, पॅटर्न वाजताना फक्त क्लॉक, म्हणजे लयीची टिकटिक, येतं. आणि ज्या मिडी फायली आल्या त्यांतले वाद्यांचे नंबर जुळत नाहीत. संबळ ४९ वर, आणि सॉफ्टवेअरच्या ड्रमसेटमध्ये ४९ म्हणजे क्रॅश. संबळाच्या जागी खळ्ळकन झांज. सहा वाद्यांचे नंबर पॅटर्नागणिक हातानं बदलत बसायचे.

मिडी केबलवरून सॅम्पल पाठवायची एक जुनी सोय आहे, तीही बघितली. सेकंदाला ३१,२५० बिट जातात. एका सेकंदाच्या साध्या मोनो आवाजाला पाऊण मिनिट लागतं. सात मिनिटांच्या हलगीला सव्वापाच तास.

कंपनीचं एक ट्रान्सफर सॉफ्टवेअर होतं, ते आताच्या कॉम्प्युटरवर उघडत नाही. मेल केला. उत्तर आलं, हे मॉडेल बंद झालंय, नवीन मॉडेल बघा. नवीन मॉडेल माझे जुने पॅटर्न वाचतं का, असं विचारलं. त्यावर उत्तर नाही.

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत कुणाच्याही हातचा तंबोरा घेऊन जा. दुसरा कारागीर तो मांडीवर घेतो, तारांखालची घोडी बघतो, ती घासून जवारी, म्हणजे तारांचा गुंजणारा नाद, काढून देतो. आमच्याच दुकानातून घेतला होता का, असं कुणी विचारत नाही. आणि इथं हजारो रुपये मोजून घेतलेलं यंत्र माझा ठेका मलाच देत नाही!

म्हणून शेवटी लाइन आउटमधून, म्हणजे आवाज बाहेर काढायच्या जॅकमधून, रेकॉर्डिंग. बाहेर फक्त दोन चॅनेल, त्यामुळं एका पॅटर्नमधली सहा वाद्यं सुटी हवी असतील तर पाच म्यूट करायची, एक वाजवायचं, नाव द्यायचं, सेव्ह करायचं, मग पुढचं. ११८ गुणिले ६, म्हणजे ७०८ वेळा. दीड मिनिट धरलं तरी जवळजवळ पावणेअठरा तास, तेही चूक झाली नाही तर. काल १२ वेळा घेतलेलं पुसावं लागलं, कारण लॅपटॉपला चार्जर लावला की अर्थिंगमुळं घूं घूं येते. आता बॅटरीवरच करतो, ती दीड तास टिकते. तासगावच्या गायकाला शनिवारी ट्रॅक द्यायचाय, त्याचे तीन फोन येऊन गेले.

२१४ झाले, ४९४ राहिले. ३६ व्या पॅटर्नमधलं कैताळ आणि संबळ बाकी आहे, तेवढं घेतो. बॅटरी ९ टक्क्यांवर आलीय, चार्जर लावला तर परत घूं.