जॅक तीन टनांचा असला, तरी गाडीखाली शिरू नका

गाडीची किरकोळ कामं स्वतः करणाऱ्यांमध्ये एक सल्ला सध्या खूप फिरतोय: ‘गाडी सव्वा टनाची, जॅक तीन टनांचा, मग गाडीखाली लोखंडी टेकू, म्हणजे स्टँड, कशाला? हँडब्रेक ओढा, गिअर टाका, फारच भीती वाटली तर खाली सिमेंटचे दोन ब्लॉक सरकवा. पाच मिनिटांच्या कामाला एवढं पुरे.’ हा सल्ला जीवघेणा आहे. ज्यांनी तो विश्वासाने पुढे पाठवला, त्यांनी कृपया हे वाचावं.

आधी ‘तीन टन’. हा आकडा उचलण्याच्या ताकदीचा आहे, धरून ठेवण्याच्या भरवशाचा नाही. हायड्रॉलिक जॅकमध्ये सगळा भार तेलावर असतो आणि ते तेल रबरी सील आणि छोट्याशा व्हॉल्व्हने अडवलेलं असतं. सील झिजलं किंवा व्हॉल्व्हच्या बैठकीत कचऱ्याचा कण अडकला की जॅक बसतो, कधी हळूहळू, कधी एकदम. पण जॅक धडधाकट असूनही गाडी त्याच्यावरून घसरू शकते, आणि हे जास्त लक्षात ठेवायला हवं. ट्रॉली जॅकचा गाडी उचलणारा दांडा वर जाताना कमानीत फिरतो, म्हणून जॅकला थोडं पुढेमागे सरकावं लागतं. त्याला चाकं असतात ती त्यासाठीच. ते चाक खड्ड्यात किंवा खड्यावर अडलं, तर जॅकऐवजी त्याची वाटी, म्हणजे गाडी जिच्यावर टेकते तो भाग, गाडीखालून सरकते. गाडीसोबत मिळणारा सिझर जॅक तर फक्त चाक बदलण्यापुरता. त्याचा पाया अरुंद असतो, बाजूने धक्का बसला की तो कलंडतो.

आता हँडब्रेक आणि गिअर. बहुतेक गाड्यांत हँडब्रेक फक्त मागच्या चाकांना लागतो. मागची बाजू उचललीत की ती चाकं हवेत, हँडब्रेक असून नसल्यासारखा. आणि गिअर? पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीचं पुढचं एकच चाक उचलून बघा. इंजिन गिअरमध्ये अडकलेलं असलं, तरी साध्या डिफरन्शियलमुळे (दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणारी गिअरची जोडणी) हवेतलं चाक उलटं फिरू शकतं आणि जमिनीवरचं सुलटं. म्हणजे गिअर टाकूनही पुढून काहीच अडत नाही. म्हणून जमिनीवर राहणाऱ्या चाकांना दोन्ही बाजूंनी पाचर लावायची, हँडब्रेक आणि गिअर असले तरीही.

सिमेंटच्या ब्लॉकवर घर उभं राहतं, हे खरं. पण भिंतीत भार ब्लॉकच्या पूर्ण पृष्ठभागावर पसरतो. गाडीखाली तो लोखंडाच्या एका अरुंद कडेवर येतो, आणि काँक्रीटची ताण सोसण्याची ताकद दाब सोसण्याच्या ताकदीच्या साधारण एक दशांशच असते. तडा गेला की ब्लॉक वाकत नाही, इशारा देत नाही, थेट फुटतो. विटांचंही तेच.

‘पाच मिनिटं’ हा मुद्दा मला सगळ्यात घातक वाटतो. धोका घड्याळावर ठरत नाही, तुम्ही किती जोर लावता त्यावर ठरतो. गंजलेला बोल्ट सुटत नाही, तुम्ही पान्याला पाईप लावून हिसका देता, आणि तो आडवा हिसका सगळा गाडीला बसतो. छातीवर गाडीचं वजन आलं की श्वास घेता येत नाही, हाकही मारता येत नाही.

‘स्टँडही तुटतात’ असं काही जण म्हणतात. तुटतात. 2020 मध्ये अमेरिकेत हार्बर फ्रेट या अवजारं विकणाऱ्या कंपनीने लाखो स्टँड परत मागवले, कारण स्टँडला ठरावीक उंचीवर धरून ठेवणारे दाते नीट अडकत नव्हते. यातून दाते नीट तपासायचे, आडवी पिन असलेला स्टँड पसंत करायचा, एवढाच धडा निघतो.

जमीन सपाट आणि टणक हवी. उन्हाने मऊ झालेल्या डांबरावर स्टँडचे पाय रुततात, तिथे खाली जाड प्लायवूड घाला. स्टँड जोडीनेच लावा, तेही गाडीच्या माहितीपुस्तिकेत दाखवलेल्या जागी. भार स्टँडवर उतरला की जॅक नुसता टेकवून राहू द्या, काढलेलं चाक किंवा स्टेपनी दारांखालच्या उंबऱ्याच्या पट्टीखाली आडवी सरकवा. मग बाहेर उभं राहून गाडीला दोन्ही हातांनी चांगली हलवून बघा. स्टँड जरासा जरी डगमगला, तरी गाडी उतरवून पहिल्यापासून लावा.