ख्रिस्ती कॉलेजातलं मानसशास्त्र: फिरत्या मेसेजचा खुलासा

अमेरिकेतल्या ख्रिस्ती कॉलेजांत मानसशास्त्राच्या बी.ए.ला फक्त बायबलवरून समुपदेशन शिकवतात, प्रयोग आणि संख्याशास्त्र नसतं, आणि पदवी मिळताच थेरपिस्ट होता येतं, असा मेसेज फिरतो आहे. तो चुकीचा आहे.

मेसेजमध्ये म्हटलेलं बायबल समुपदेशन ही अमेरिकी पाळक जे ॲडम्स (Jay Adams) यांनी १९७० च्या सुमारास रुजवलेली वेगळी चळवळ. मानसोपचाराबद्दल ती साशंकच असते. याउलट मिशिगनमधल्या होप या ख्रिस्ती कॉलेजचे डेव्हिड मायर्स हे मानसशास्त्राचे श्रद्धावंत प्राध्यापक. त्यांचं मानसशास्त्राचं पाठ्यपुस्तक सरकारी विद्यापीठांतही चालतं.

संख्याशास्त्र तिथे कसं लागतं, याचा वर्गातला एक नमुना घ्या. ‘प्रार्थना करणाऱ्यांना चिंता कमी’ असा सहसंबंध दिसला. लगेच ‘प्रार्थनेमुळे’ म्हणायचं का? नाही. हीच माणसं दर रविवारी चर्चमध्ये भेटतात, अडीअडचणीला एकमेकांकडे धावतात. परिणाम त्या सोबतीचाही असेल. ते घटक मोजून वेगळे करावे लागतात. श्रद्धा असलेल्या विद्यार्थ्याने तर इथे जास्तच काटेकोर राहायला हवं, कारण हवं ते उत्तर आधीच मनात असतं.

परवान्याचं म्हणाल, तर अमेरिकेत समुपदेशकाला पदव्युत्तर पदवी आणि देखरेखीखालचे तास, मानसशास्त्रज्ञाला बहुतेक राज्यांत डॉक्टरेट लागते. भारतात क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करायला भारतीय पुनर्वास परिषदेची (आरसीआय) नोंदणी हवी, नुसत्या बी.ए.वर ती मिळत नाही.