पोर्ट करीन, पोर्ट करीन म्हणणाऱ्यांसाठी

रेंज गेली की फोन डोक्याच्या वर धरून ‘आता पोर्टच करून टाकतो’ असं ओरडायची तुमची सवय उत्तम आहे, ती सोडू नका. हे वाक्य घरात म्हणा, लोकलमध्ये म्हणा, कस्टमर केअरवाल्या मुलीला तर आवर्जून ऐकवा. फक्त खरोखर पोर्ट करायची वेळ येणार नाही एवढं बघा. एकदा कंपनी बदलली की शिव्या घालायला हक्काचं कोणी उरत नाही आणि जेवताना बोलायला विषय राहत नाही.

पंचाईत अशी की हे काम नको इतकं सोपं करून ठेवलंय. २५ नोव्हेंबर २०१० ला हरियाणात सुरुवात झाली आणि २० जानेवारी २०११ पासून नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची सोय देशभर मिळाली. तरी तेव्हा एक चांगली पळवाट होती. बदल फक्त आपल्या सर्कलच्या, म्हणजे मोबाइल कंपन्यांसाठी देशाचे जे विभाग पाडलेत त्यातल्या आपल्या विभागाच्या, आत करता यायचा. मुंबईचं सर्कल वेगळं आणि बाकीचा महाराष्ट्र गोव्यासकट वेगळा, त्यामुळे मुंबईचा नंबर घेऊन पुण्यात बिऱ्हाड केलेला माणूस रोमिंगचे पैसे भरत ‘काय करणार, सर्कलच वेगळं’ असं म्हणू शकत होता. ३ जुलै २०१५ ला तेही सुख गेलं. आता तर इंग्रजीत पोर्ट लिहायचं, एक जागा सोडून आपला नंबर टाकायचा आणि १९०० वर मेसेज पाठवायचा. आठ अक्षरांचा कोड येतो. तो घेऊन नव्या कंपनीच्या दुकानात जायचं. डिसेंबर २०१९ पासून तीन कामाचे दिवस, सर्कल बदलत असेल तर पाच. या व्यवहाराचा ट्रायने, म्हणजे मोबाइल कंपन्यांवर नियम घालणाऱ्या सरकारी संस्थेने, ठरवलेला दर ६ रुपये ४६ पैसे, म्हणजे धड वडापावही येणार नाही. काही स्वस्त प्लॅनमध्ये मेसेजची सोयच नसायची, तेव्हा ‘मेसेजच जात नाही’ असं सांगता यायचं. डिसेंबर २०२१ मध्ये ट्रायने तिथेही लक्ष घातलं आणि प्लॅन कुठलाही असो, १९०० चा मेसेज गेलाच पाहिजे असं बजावलं.

पण निराश होऊ नका. इच्छा असेल तर अजूनही अडकून राहता येतं.

सगळ्यात हमखास मार्ग म्हणजे कंपनीवर जाम वैतागलेल्या दिवशीच वर्षभराचा रिचार्ज मारणे. प्रीपेडचे उरलेले दिवस आणि शिल्लक नव्या कंपनीत येत नाही, त्यामुळे ‘एवढे पैसे भरलेत, ते संपू दे मग बघू’ हे वाक्य तुम्हाला पुढचे ३६५ दिवस पुरेल. पोस्टपेडवाल्यांनी शेवटचं बिल ‘चुकीचं आलंय’ म्हणून तत्त्वासाठी थकवावं. मुदत उलटलेली थकबाकी असली की कोड मिळत नाही. तत्त्व राहतं आणि कंपनीही. (२८ दिवसांचा महिना करून बारा महिन्यांत तेरा रिचार्ज करायला लावणाऱ्यांशी तत्त्वाने भांडणारा माणूस मला मनापासून आवडतो.)

सिम जुनं झालं म्हणून बदलून घेतलंत तर आणखी सात दिवसांची निश्चिंती. सिम बदलल्यावर सात दिवस कोड द्यायचा नाही, असा नियम १ जुलै २०२४ पासून आहे. कोणी भामट्याने तुमच्या नावाचं नवं सिम काढून नंबर परस्पर पळवू नये म्हणून तो केलाय. पण नियम भामट्यासाठी असला तरी सबब म्हणून वापरायला आपल्याला कोण अडवतंय?

यातलं काहीच जमलं नाही तरी घाबरायचं कारण नाही, कारण तुमचा खरा हुकमी एक्का दुकानात बसल्यावर निघतो. सिम नक्की कोणाच्या नावावर आहे हे आधी अजिबात तपासू नका. आठवा, नाक्यावरच्या दुकानातून सिम घेतलं तेव्हा तुमच्याकडे पत्त्याचा पुरावा नव्हता आणि भावोजींच्या लायसन्सची झेरॉक्स खिशात होती. दुकानदार म्हणाला, ‘चालतंय ओ, द्या.’ तेव्हा चाललं. आता काउंटरमागचा पोरगा मोबाइलवर बोट सरकवत विचारतो, ‘काका, आधार तुमचं दिलंय, पण नंबर दुसऱ्याच्याच नावावर दिसतोय. हे कोण?’

‘बहिणीचे मिस्टर.’

‘मग त्यांना घेऊन या ना.’

आता भावोजींना आणायचं म्हणजे आधी गावच्या जमिनीचं मिटवायला हवं. ते मिटेपर्यंत तुमची सध्याची कंपनी निर्धास्त आहे. समजा भावोजी देवमाणूस निघाले आणि नंबर तुमच्या नावावर करून द्यायला तयार झाले, तरी नाव बदलायचा अर्ज पडून आहे तोवर पोर्टिंग होत नाही. घरात आजोबांचं सिम असेल तर अजून बहार. आजोबा जाऊन वर्षं झाली, नंबर आजी वापरते, बँक, गॅस, पेन्शन सगळं त्याच नंबराला जोडलेलं, आणि कागदावर मालक अजून आजोबाच. हे कोणाला सुचवू नका, नाहीतर लोक उगीच आधीच नावावर करून घेतील.

आजीला सोबत नेलंत तर अंगठ्याचा कार्यक्रम बघायला मिळेल. जन्मभर भांडी घासून आणि धुणं धुऊन तिच्या बोटांवरच्या रेषा पुसट झालेल्या. मशीनवर अंगठा ठेवला की लाल दिवा. ‘आजी, पदराला पुसा. आता जरा दाबा. दुसरं बोट द्या.’ मग फोटो. ‘आजी, कॅमेऱ्याकडे बघून डोळ्यांची उघडझाप करा.’ आजी दोन्ही डोळे घट्ट मिटून हात जोडते. मागे चार माणसं रिचार्जसाठी ताटकळलेली, त्यातला एक जण नक्की म्हणणार, ‘म्हाताऱ्या माणसाला कशाला त्रास देता हो?’ या मुद्द्यावर मान डोलावून घरी परत यावं.

कोड पोराच्या हातात फोन देऊन दाखवू नका. मोठ्याने वाचा. एस म्हणजे साताऱ्याचा एस, एम म्हणजे मिरजेचा एम, आणि मधलं ते गोल चिन्ह शून्य आहे की ओ, यावर दुकानातल्या सगळ्यांचं मत घ्या. कोड चार दिवस चालतो, घाई नाही.

त्या चार दिवसांतच तुम्हाला आयुष्यातला मोठा मान मिळणार आहे. जी कंपनी वर्षभर ‘आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे’ म्हणत तुम्हाला बासरी ऐकवत होती, ती स्वतःहून फोन करेल. गोड आवाजात ‘सर, काय नाराजी आहे?’ असं विचारलं जाईल. एवढ्या आपुलकीने घरातही कोणी विचारत नाही, तेव्हा सगळं सांगून टाका. मग तुमच्यासाठी, केवळ तुमच्यासाठी, एक प्लॅन निघेल. तो ॲपमध्ये का नव्हता, असं विचारून त्या मुलीला अवघडवू नका. हो म्हणा. चौथ्या दिवशी कोड आपोआप मरतो.

ज्यांना एवढीही दगदग नको त्यांनी दुसऱ्या कंपनीचा नवा नंबर घ्यावा आणि जुना ‘फक्त ओटीपीपुरता’ ठेवावा. तो रिचार्ज करायला विसरणं हे तुमचं काम. बंद पडलेला नंबर काही महिन्यांनी दुसऱ्या कोणाला तरी दिला जातो. मग तुमच्या बँकेचे ओटीपी त्या अनोळखी माणसाला जातील आणि तुमच्या पतसंस्थेचे वसुलीचे फोनही. समाजाशी नातं असं वाढतं.

जुलै २०२४ मध्ये तिन्ही खासगी कंपन्यांनी आगेमागे दर वाढवले, तेव्हा तुमची कामगिरी विशेष होती. ‘सगळे बीएसएनएलला चला, यांना धडा शिकवू’ हा मेसेज तुम्ही सोसायटीच्या, शाळेच्या आणि कुलदैवताच्या अशा सगळ्या ग्रुपवर टाकलात. काही साध्या लोकांनी तो खरा मानला आणि गेले. तुम्ही पाठवायचं काम केलंत, सगळंच एकट्याने कसं करणार?

इतकं करूनही एखाद्याचं पोर्टिंग होऊनच जातं. त्याने निदान मुहूर्त नीट निवडावा. कार्यालयवाल्याला पैसे द्यायचेत, मुलीच्या प्रवेशाची फी भरायची शेवटची तारीख आहे, असा दिवस बघावा. जुनं सिम बंद पडून नवं चालू होईपर्यंत काही तास फोन मुका असतो आणि नवं सिम टाकलं की यूपीआयची ॲप्स तुम्ही म्हणजे तुम्हीच का, हे नव्याने विचारतात. नव्या कंपनीची रेंज तुमच्या घरात येते का, हे शेजाऱ्याला विचारायला जायचं नाही. तो त्याच कंपनीचा असला तरी नाही. पोर्ट झाल्यावर बघावं.

नव्या सिमची रेंज गॅलरीतल्या तुळशीजवळ दोन दांड्या येईल आणि आत बेडरूममध्ये शून्य. नियमाप्रमाणे आता ९० दिवस या कंपनीतून हलता येत नाही. जुन्या कंपनीचा ‘परत या’ असा मेसेज येईलच, तो जपून ठेवा आणि तोवर बोलायला गॅलरीत जात चला.