जागा भरल्या तरी शिक्षक दोनच राहतील, म्हणून

ताई,

शिक्षकांना वर्षभर प्रशिक्षण मिळालं पाहिजे आणि कच्च्या मुलांसाठी वेगळा तास हवा, असं मी मागच्या लेखात लिहिलं. त्यावर खानापूर तालुक्यातून (जि. बेळगाव, कर्नाटक) तुमची प्रतिक्रिया आली: 'आमच्या जांबोटीकडच्या शाळेत वर्ग पाच आणि शिक्षक दोन. बाई ट्रेनिंगला खानापूरला गेल्या की गुरुजी सगळ्या पोरांना एका खोलीत बसवून नुसते सांभाळतात. ट्रेनिंग बंद करा, आधी जागा भरा. आणि कच्च्या मुलांचा वेगळा तास म्हणजे पोरांच्या कपाळावर ढ म्हणून शिक्का.' तुम्ही एसडीएमसीवर, म्हणजे शाळेच्या विकास व देखरेख समितीवर आहात, हे रोज डोळ्यांनी बघता. म्हणून सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट तुमची खरी आहे. प्रशिक्षणाचं लिहिताना ते किती दिवस मिळावं एवढंच मी लिहिलं. ते दिवस शाळेत मागे राहिलेल्या पोरांनी कसे काढायचे, हे लिहिलं नाही. चूक माझीच. जून-जुलैत तुमच्याकडे पावसाची झड लागते, रोप लावणी सुरू असते, त्यात पोरं आधीच गळतात. अशा दिवसांत दोनातला एक शिक्षक तालुक्याला बोलावून घेणं मला पटत नाही.

पण जागा भरून प्रश्न सुटेल, हे मात्र नाही पटत. शिक्षण हक्क कायदा २००९ चा. त्यात पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ पासून तिसरा. वाडीवरच्या शाळेत ३५-४० मुलं असतील, तर एकही जागा रिकामी नसताना पाच वर्गांना दोनच माणसं. जागांसाठी भांडलंच पाहिजे, मीही तुमच्याबरोबर आहे. पण दोघांनी पाच वर्ग कसे चालवायचे, ही विद्या कोणीतरी शिकवायलाच हवी. ती डीएडला आम्हाला नीट कोणी शिकवली नव्हती.

आता प्रशिक्षण कसलं, ते माझ्याच वर्गातलं सांगतो. दुसरीला एक मुलगा होता. घरात कन्नड, शाळा मराठी. आपल्याकडे अशी घरं किती आहेत ते तुम्हाला ठाऊकच आहे. 'पंचवीस' म्हटलं की तो ५२ लिहायचा. 'एकोणतीस' म्हटलं की पाटीकडे बघत बसायचा. मी सहामाहीभर त्याच्याकडून उजळणी घोकून घेतली, रागावलोही. एक दिवस शेजारच्या शाळेतल्या जुन्या बाई माझ्या वर्गात तासभर मागे बसल्या. उठून त्याला कन्नडात म्हणाल्या, 'इप्पत्तैदु बरी', म्हणजे पंचवीस लिही. त्यानं सरळ २५ लिहिलं. मग 'इप्पत्तोंबत्तु'. २९.

कन्नडात आधी वीस येतात, मग पाच. अंक लिहायचा क्रमही तोच. मराठीत पाच आधी कानावर पडतात आणि वीस मागून. एकोणतिसात तर नऊ ऐकूच येत नाही, तिसातून एक वजा करावा लागतो. पोराचं गणित कच्चं नव्हतं, आमच्या संख्यानामांत तो अडकला होता. त्यानंतर दशकाच्या काड्यांचे गठ्ठे करून दोन्ही भाषांत शिकवायला लागलो आणि तो महिन्याभरात सुटला. मी बसलेल्या प्रशिक्षणांपैकी बरीच कन्नडात झाली होती आणि साहित्यही कन्नड वर्गासाठी केलेलं. ही अडचण कन्नड वर्गात येतच नाही, मग तिथं ती कोण सांगणार? त्या बाईंनी तासाभरात जे दिलं ते मला हॉलमध्ये कधी मिळालं नव्हतं.

म्हणून माझं मागणं बदलून लिहितो: शिक्षकाला वर्गातून बाहेर काढू नका, शिक्षकांना शिकवणाऱ्यालाच वर्गात आणा, आणि तो मराठी जाणणारा असू द्या.

याला दाखला आहे. बिहारमध्ये सरकारी शिक्षकांना मुलांच्या पातळीप्रमाणे शिकवायचं प्रशिक्षण आणि साहित्य दिलं गेलं. त्याच पद्धतीनं उन्हाळी शिबिरात सरकारी शिक्षकांनी मुलांचं वाचन सुधारून दाखवलं, पण शाळेच्या वर्षात नुसत्या प्रशिक्षणानं फरक पडला नाही, कारण वेळापत्रक तेच राहिलं. २०१२-१३ ला हरियाणात रोजचा एक तास यासाठी राखून ठेवला. शिवाय शाळांना भेटी देणाऱ्या साधन व्यक्तींनी आधी स्वतः १५-२० दिवस वर्ग घेतले, मग शिक्षकांना सांगितलं. तिथं मुलांचं वाचन सुधारलं. आपल्याकडच्या सीआरपींचं, म्हणजे शाळांच्या गटाला नेमलेल्या साधन व्यक्तींचं, काम असंच व्हावं. ते भेटीला येतात तेव्हा रजिस्टर बघण्यात वेळ जातो. खडू हातात घेऊन एक धडा घ्यायला कितीसा वेळ लागतो?

आता ढ चा शिक्का. शाळा सुटल्यावर चार पोरांना मागे बसवलं तर शिक्का बसतो, अगदी बरोबर. त्यांना वाडीवर चालत जायचं असतं ते वेगळंच. मी म्हणतो तो तास सगळ्या शाळेचा. तिसरी, चौथी, पाचवीची सगळी मुलं त्या वेळी वर्ग सोडून पातळीप्रमाणे बसतात: अक्षरं येणारी एकीकडे, शब्द वाचणारी दुसरीकडे, गोष्ट वाचणारी तिसरीकडे. पाचवीतला एखादा शब्दांच्या गटात असेल, तोच गणिताला वरच्या गटात जाईल. दर महिन्याला प्रत्येकाला जवळ बसवून वाचून घ्यायचं आणि गट हलवायचे. गट हलले नाहीत तर तुमची भीती खरी ठरेल, तेव्हा हे तुम्हीच तपासा. आणि बघा, दोन शिक्षकांच्या शाळेला हे सोयीचंच पडतं. पाच इयत्ता सांभाळण्यापेक्षा त्या तासापुरते तीन गट सांभाळायचे.

एसडीएमसीच्या पुढच्या बैठकीत दोन गोष्टी विचाराल का? बाई ट्रेनिंगला गेल्या तर त्या दिवशी वर्ग कोण घेणार, हे आधी लिहून मिळेल का? आणि सीआरपी या महिन्यात कुठल्या वर्गावर कुठला धडा घेणार? जे उत्तर मिळेल ते इथं कळवा. तुमच्या गुरुजींना हा तास सुरू करायचा असेल तर पाऊस ओसरला की मी येतो, पहिला आठवडा आम्ही दोघे मिळून घेऊ.