‘अर्ध्या तासात ड्रोन मोजणी, बांधाचा वाद खल्लास’ हा मेसेज पुढं ढकलण्याआधी हे वाचा

सध्या सातारा-सांगलीकडच्या गावांच्या ग्रुपवर एक मेसेज जोरात फिरतोय, कराड, पाटण, वाळवा, पलूस, तासगाव, जिकडं बघावं तिकडं तोच. त्यात म्हटलंय की आता सरकारी मोजणीची गरजच नाही, ड्रोन आणि लेझरनं एकरी 500 रुपयात अर्ध्या तासात मोजणी होते, एका सेंटीमीटरचाही फरक पडत नाही, लेझर उभ्या उसातून आरपार जातो, सरकारनं स्वामित्व योजनेत याला मान्यता दिलीये, नकाशा कोर्टात चालतो, ड्रोनला परवानगी लागत नाही, आणि शेजाऱ्यानं दाबलेले गुंठे परत मिळतात. खाली अॅडव्हान्स बुकिंगचा क्यूआर कोड. मी याच धंद्यात आहे, ड्रोनही उडवतो आणि रोव्हर (काठीवरचा, सेंटीमीटरमध्ये जागा सांगणारा जीपीएस) घेऊन बांधावरनंही फिरतो, त्यामुळं ड्रोन वाईट म्हणायला मी लिहीत नाहीये. पण या मेसेजवर विश्वास ठेवून लोकं पैसे भरतायत आणि काहीजण तर मोजणीच्या दुसऱ्या दिवशी जेसीबी लावून बांध सरकवायला निघालेत, म्हणून एकेक मुद्दा घेऊन बोलतो.

आधी ते एक सेंटीमीटर. सर्वेच्या ड्रोनवर बऱ्याचदा 20 मेगापिक्सलचा, एक इंची सेन्सरचा कॅमेरा असतो. तो 100 मीटर उंचीवरनं उडवला की फोटोतला एक पिक्सेल जमिनीवर साधारण 2.7 सेंटीमीटरचा पडतो. म्हणजे फोटोचा सगळ्यात बारीक ठिपकाच पावणेतीन सेंटीमीटरचा, मग त्यातनं एका सेंटीमीटरची हमी कुठनं आणणार? नीट काम केलं, रानात चुन्यानं फुल्या मारून त्या रोव्हरनं मोजून घेतल्या, ड्रोनवर आरटीके (जीपीएसची चूक उडतानाच दुरुस्त करणारी सोय) असलं, फोटो एकमेकांवर 70-80 टक्के चढतील असे घेतले, तर आडव्या मापात 3 ते 5 सेंटीमीटरपर्यंत येतं आणि उंचीत त्याहून जास्त फरक राहतो. खाली उडवलं तर पिक्सेल बारीक होतो, पण फोटो वाढतात, बॅटऱ्या वाढतात, वेळ वाढतो. आणि 5 सेंटीमीटर हे शेतासाठी उत्तमच माप आहे, त्यात कमीपणा काही नाही.

पण खरी गोम वेगळीच आहे. हे 5 सेंटीमीटर नेमके कशाचे? तर रानात जे दिसतंय त्याचे. बांध दिसतो, झाड दिसतं, विहीर दिसते, तार कंपाउंड दिसतं, ते कुठं आहे हे ड्रोन अगदी बरोबर सांगतो. बांध कुठं असायला पाहिजे होता हे त्याला माहीतच नाही, कारण हद्द रानात नसते, ती रेकॉर्डात असते. टिपण, गटबुक, फाळणी, एकत्रीकरणाच्या वेळचा नकाशा, पोटहिश्शाचं रेकॉर्ड, हे सगळं भूमी अभिलेख खात्याच्या कपाटात. यातलं बरंच माप लोखंडी साखळीनं जमीन मोजायच्या जमान्यातलं आहे, आपला गुंठासुद्धा त्यातनंच आलाय, 33 फूट बाय 33 फूट, 1089 चौरस फूट. आणि गावच्या नकाशाचं प्रमाण 1:5000 धरलं तर कागदावरची अर्ध्या मिलिमीटरची रेघ जमिनीवर अडीच मीटर रुंद होते. म्हणजे कुणी तो नकाशा स्कॅन करून ड्रोनच्या फोटोवर नुसता चिकटवला आणि लाल रेघ ओढून दिली, तर ड्रोन कितीही भारी असू दे, ती रेघ मीटरच्या हिशोबात इकडंतिकडं होणारच. अशा लाल रेघांचे नकाशे मी पलूस भागात लोकांच्या मोबाईलवर बघितलेत, दिसायला एकदम झकास, रंगीत, कोपऱ्यात उत्तर दिशेचा बाण, पण रेघ कशावरनं ओढली याचा एक शब्द नाही. एका आबांनी तसला नकाशा दाखवला आणि म्हणाले, "बघ की, शेजाऱ्याच्या रानात आमचे तीन गुंठे गेल्यात." मी विचारलं, "आबा, या मोजणीला शेजारी होते का? गटाच्या कोपऱ्याचा जुना दगड कुणी शोधला का?" तर दोन्ही नाही. भूकरमापक (सरकारी मोजणीदार) येतो तेव्हा लगतधारकांना, म्हणजे शेजारच्या रानवाल्यांना, नोटीस जाते, तो आधी आजूबाजूच्या गटांच्या जुन्या खुणा धरतो, त्यावर टिपणातली मापं बसवतो, मग कुठं हद्द सांगतो. हे वगळून जे काही होतं ते चित्र आहे, मोजणी नाही.

आता लेझर आणि ऊस. हा दावा सगळ्यात जास्त खपतो कारण आपल्याकडं वर्षातनं कधीही बघा, कुठला ना कुठला ऊस उभाच. लेझर पानातनं आरपार जात नाही. तो पानाच्या मधल्या फटीतनं खाली जातो. एका पल्सचा (लेझरच्या एका झोताचा) काही भाग वरच्या शेंड्याला लागून परत येतो, काही मधल्या पानांना, आणि नशिबानं फट मिळाली तर थोडा जमिनीला लागून परत येतो, मशीन या सगळ्या परतीच्या वेळा नोंदवतं आणि त्यावरनं उंची काढतं. आडसाली ऊस वर्षाचा झाला की त्याच्या पॉइंट क्लाउडचा (लेझरनं टिपलेल्या सगळ्या ठिपक्यांचा) उभा छेद स्क्रीनवर काढून बघा. वर दाट हिरवा थर, त्याच्या खाली विरळ होत गेलेले ठिपके, आणि अगदी तळाला कुठंतरी चुकूनमाकून चारदोन, तेही पट्टा पद्धतीची लावण असेल तर त्या मोकळ्या पट्ट्यात. सॉफ्टवेअर त्या चारदोन ठिपक्यांमधनं जमीन ओढतं, आणि मधल्या दहाबारा फुटात सरी आहे का पाट आहे का अर्धा फुटाचा जुना बांध आहे हे त्याला कळायचा काही मार्ग नाही. पडलेला ऊस असेल तर विषयच संपला. तोड झाल्यावर तरी सोपं असेल म्हणाल तर पाचट तसंच पडलेलं असलं की लेझर पाचटावरच थांबतो. त्यात शेजारी-शेजारी एकाचा आडसाली, एकाचा खोडवा, एकाची नुकतीच लावण, त्यामुळं सगळा गट एकाच वेळी मोकळा मिळणं दुर्मिळ. बांध दाखवायचा असेल तर सरळ उपाय म्हणजे बांधाकडची पाचट बाजूला सारा, बांध मोकळा करा, आणि माणसानं रोव्हर घेऊन त्यावरनं चालावं. त्याला लेझर लागत नाही.

लेझरचं खरं काम दुसरीकडं आहे. पाटण, जावळीकडचे झाडीचे डोंगर, जिथं फोटोत नुसता झाडांचा शेंडा दिसतो, तिथं लेझर जमिनीचा उतार काढून देतो, आणि पानगळ झाल्यावर फेब्रुवारी-मार्चमध्ये उडवलं तर अजून चांगला. जुलै 2021 ला पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगावला दरडी कोसळून माणसं गेली, असल्या उतारांचा अभ्यास करायला लेझर सर्वे पाहिजेच, त्यावर खर्च झाला तर तो सत्कारणी. कॅनॉलची लाईन, खाणीतनं किती माल उचलला त्याचं घनमाप, कृष्णा-वारणेच्या काठावर पुराचं पाणी कुठवर येईल त्याचे कंटूर (सारख्या उंचीच्या रेघा), ही ड्रोन-लेझरची कामं. फक्त नदीच्या पाण्याखालचं नेहमीचा लेझर दाखवत नाही, त्याची किरणं पाण्यात शोषली जातात, पाण्याखालचा तळ काढायला हिरव्या किरणांचं वेगळं आणि फार महाग मशीन लागतं. दोन एकर उसासाठी हे सगळं मागवायचं काय कारण?

एकरी 500 रुपये. मला दर महिन्याला फोन येतो, "एकरी रेट काय?" आणि मी सांगतो की एकरावर रेट निघतच नाही. टीम आणि गाडी यायचा खर्च, बेस (एका जागी ठेवलेला, दुरुस्ती पाठवणारा जीपीएस) लावायचा, फुल्या मारून मोजायच्या, उडवायचं, मग ऑफिसात कॉम्प्युटर रात्रभर चालवून फोटो जोडायचे, मग नकाशा काढायचा. हे 2 एकराला जेवढं आहे त्यापेक्षा 40 एकराला थोडंच जास्त. म्हणून मोठ्या क्षेत्राला एकरी आकडा कमी दिसतो आणि एक-दोन एकरवाल्याला किमान चार्ज लागतो, तो देऊन त्याला मिळतं काय तर वरनं काढलेला फोटो. लेझर असेल तर सेन्सरच कॅमेऱ्याच्या कितीतरी पट महाग, तो खर्च गिऱ्हाईकाकडनंच निघणार. मग 500 मध्ये कोण करतं? ज्याला फुल्या मारायच्या नाहीत, जागा तपासायची नाही आणि ड्रोनच्या साध्या जीपीएसवर भागवायचंय तो. साधं जीपीएस एक-दोन मीटर सहज चुकतं, सगळा नकाशाच एका बाजूला सरकलेला असतो आणि मोबाईलवर बघताना कळतसुद्धा नाही. अर्धा तास म्हणतात तो फक्त पंखे फिरायचा वेळ.

आणि सरकारी मोजणी परवडत नाही म्हणून ड्रोन, हे पण तपासून बघा. डिसेंबर 2024 पासून ग्रामीण भागात 2 हेक्टरपर्यंत नियमित मोजणीची फी 2,000 रुपये आणि द्रुतगतीची 8,000 रुपये झाली. 2 हेक्टर म्हणजे जवळजवळ 5 एकर. 5 एकराला एकरी 500 नं 2,500 होतात. म्हणजे बिनकामाच्या कागदाला सरकारी मोजणीपेक्षा जास्त पैसे. मोजणीला तारीख उशिरा मिळते ही लोकांची तक्रार खरी आहे आणि त्याचा संताप मलाही आहे, पण त्यावर उपाय हा मेसेज नाही.

स्वामित्व योजनेचं म्हणाल तर ती खरी आहे, 24 एप्रिल 2020 ला सुरू झाली, आणि आपल्या राज्यात याची सुरुवात पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीत झाली होती. पण ती गावठाणासाठी आहे. घरं, जागा, वाडे, मिळकत पत्रिका. शेताचा त्यात संबंध नाही. शिवाय तिथंही नुसतं ड्रोन उडवून कुणाच्या नावावर काही झालेलं नाही, आधी मिळकतींच्या हद्दी चुन्यानं आखून घेतल्या, मग भारतीय सर्वेक्षण विभागाचा ड्रोन उडाला, मग भूमी अभिलेखनं चौकशी केली.

कोर्टात चालतो का? दाखल करता येतो, एवढंच. रान आज कसं आहे याचा पुरावा म्हणून खाजगी नकाशा देता येतो, समोरचा त्यावर हरकत घेणार, नकाशा काढणाऱ्याला साक्षीला यावं लागणार. हद्दीचा वाद असेल तर कोर्ट बहुतेक वेळा भूमी अभिलेखच्याच माणसाला कोर्ट कमिशनर नेमून मोजणी करायला लावतं. तुमच्या कामाचा कागद म्हणजे ‘क’ प्रत, सरकारी मोजणीनंतर मिळणारा हद्दीचा नकाशा. ती मान्य नसेल तर निमताना मोजणी (वरच्या अधिकाऱ्याकडनं फेरमोजणी), तीही मान्य नसेल तर सुपर निमताना (त्याच्याही वरच्याकडनं), हा रस्ता आहे. 2025 मध्ये खाजगी परवानाधारक भूमापकांकडनं मोजणी करून घ्यायचं सरकारनं जाहीर केलं, पण तिथंही प्रमाणित करणार भूमी अभिलेखच. मेसेजवाल्याला विचारा, परवाना दाखव.

परवानगीबद्दल एवढंच की ड्रोन नियम 2021 नुसार ग्रीन झोनमध्ये (सरकारच्या ड्रोन नकाशावर हिरव्या दाखवलेल्या भागात) 400 फुटापर्यंत वेगळी परवानगी लागत नाही हे बरोबर, पण 250 ग्रॅमच्या वरच्या ड्रोनला नोंदणी क्रमांक लागतो, विमा लागतो, आणि पैसे घेऊन काम करणाऱ्याला रिमोट पायलट सर्टिफिकेट लागतं. कराडला विमानतळ आहे, त्यामुळं त्या भागात आधी नकाशावर झोन बघावाच लागतो. कोयनेकडं व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलात तर वन खात्याला विचारल्याशिवाय पेटीसुद्धा उघडू नये.

राहिले दाबलेले गुंठे. सातबाऱ्यावर 40 गुंठे आणि ड्रोनमध्ये 37 आले म्हणजे 3 शेजाऱ्यानं खाल्ले, असं होत नाही. रस्त्यात गेलं असेल, ओढ्यानं कापलं असेल, नदीकाठी मळईत गेलं असेल, पूर्वीच्या वाटणीतच पोटहिस्सा चुकीचा पडला असेल. डोंगराकडं अजून एक गंमत होते, क्षेत्र कायम आडव्या मापानं धरतात, उतारावरनं टेप धरून नाही. 20 अंशाच्या उतारावर आडवे 40 गुंठे असतील तर उताराच्या अंगानं ते साडेबेचाळीस भरतात. जावळीतल्या माणसानं रान स्वतः टेपनं मोजलेलं असतं आणि ड्रोनवाल्याचा आकडा कमी आला की त्याला वाटतं गेले आपले अडीच. कुणीच घेतलेले नसतात.

तरीही ड्रोन सर्वे करायचाच असेल, प्लॉटिंगसाठी, शेततळ्यासाठी, ड्रिपच्या लाईनसाठी, तर जरूर करा, फक्त पैसे द्यायच्या आधी विचारा की फुल्या किती मारणार, त्यातल्या किती नुसत्या तपासणीसाठी बाजूला ठेवणार, तपासणीत किती फरक आला ते लिहून देणार का, आणि मूळ फोटो आणि फाईली मला मिळणार का. नीट काम करणारा माणूस या प्रश्नांनी खूश होतो.

आणि ज्यांनी आधीच क्यूआरवर पैसे टाकलेत आणि हातात लाल रेघेचा नकाशा आहे, त्यांनी तो ठेवून द्या, पण त्यावरनं बांधाला हात लावू नका. मोजणीचा ऑनलाइन अर्ज टाका, शेजाऱ्याला सांगून टाका, आणि ‘क’ प्रत हातात येईपर्यंत जेसीबीवाल्याला फोन करू नका.