पाहुण्यांनी स्कूटर पाडली तर काय करावे?

गेल्या महिन्यात कुलाब्यात, परदेशी युद्धनौकेवरून फिरायला उतरलेल्या एका पाहुण्याने फोटोसाठी माझ्या स्कूटरवर बैठक मारली आणि स्टँड काढला. स्कूटर आडवी, पाहुणा तिच्यावर, दोघे मित्र हसून बेजार. डावा आरसा फुटला, ब्रेकचा लिव्हर वाकला. 'सॉरी बॉस' म्हणून तिघे टॅक्सीत बसले नि गेले. तेव्हापासून मी आंतरराष्ट्रीय कायद्याचा अभ्यासक आहे. माझं ज्ञान तुमच्या कामी यावं, म्हणून या सूचना.

स्कूटर रस्त्यावर लावू नका. चौथ्या मजल्यावर, गॅलरीत ठेवा.

पोलीस चौकीत तक्रार द्यायला जाताना जेवणाचा डबा न्या.

तिथे सांगतील, 'नेव्हीवाले आहेत ते, इम्युनिटी असते त्यांना, इथला कायदा लागत नाही.' मान डोलवा. 'साहेब, ती जहाजाला असते,' असा आगाऊपणा करू नका. मी केला. म्हटलं, १८१२ साली 'स्कूनर एक्स्चेंज' खटल्यात अमेरिकेच्या सरन्यायाधीश मार्शलनी ठरवलं, की मित्रदेशाच्या युद्धनौकेला बंदरातलं कोर्ट हात लावू शकत नाही. समुद्री कायद्याच्या कराराचं ३२वं कलमही ती सूट शाबूत ठेवतं. २०१२ साली घानाने आर्जेन्टिनाच्या नौदलाचं 'लिबर्ताद' जहाज तेमा बंदरात कर्जापायी अडकवलं, तर हॅम्बुर्गच्या आंतरराष्ट्रीय सागरी कायदा न्यायाधिकरणाने ते सोडायला लावलं. बरोबरच आहे! पण बर्म्युडा घालून, बिअर ढोसून माझ्या सीटवर बसलेला तो बाप्या म्हणजे काय जहाज आहे? हुकमाने, ड्युटीवर उतरला असता तर वादाला जागा होती. मजा मारायला उतरला की इथला कायदा लागू. आपली न्याय संहिता तर भारतात गुन्हा करणाऱ्या 'प्रत्येक व्यक्ती'ला शिक्षेस पात्र धरते. जहाजाचा गँगवे चढून तो वर गेला की मात्र खेळ खलास, कप्तानाने बोलावल्याशिवाय आपला पोलीस वर पाऊल टाकू शकत नाही. म्हणजे जे काय करायचं ते कॉजवे ते बंदराचं गेट एवढ्या टप्प्यात, लगेच, आत्ता! साहेबांनी शांतपणे विचारलं, 'नंबर काय त्याचा?'

बर्म्युडाला नंबरप्लेट नव्हती, साहेब.

बंदराच्या गेटवर जाऊ नका. ते परत चौकीतच पाठवतात.

आणि हो, चौकीबाहेर गाडी लावू नका. मी आत हद्दीचा प्रश्न सोडवत होतो तेवढ्यात टोइंगवाल्याने माझी स्कूटर उचलली, फुटक्या आरशासकट. तिथे हद्द कुणाची, कलम कुठलं, कसली शंका नाही. दहा मिनिटांत काम फत्ते.

२०१४ साली फिलिपिन्सच्या ओलोंगापोत, सुबिक बेला आलेल्या 'पेलेलू' जहाजावरच्या अमेरिकन मरीनने खून केला. तिथे तर दोन्ही देशांमधला १९९८चा करारच आरोपीचा ताबा अमेरिकेकडे ठेवणारा. तरी लोक रस्त्यावर उतरले, खटला तिथल्याच कोर्टात चालला, २०१५ साली शिक्षा झाली. २०२०मध्ये फिलिपिन्सच्या राष्ट्राध्यक्षांनी माफी दिली हा भाग निराळा.

आणि चौकीतले साहेब, तुम्ही? साधी नोंद करून घेत नाही! फोन उचलून त्यांच्या वकिलातीला, आपल्या नेव्हीला एक शब्द विचारला असता तर हात झिजले असते? कायदा तुमच्या बाजूने उभा आहे, तुम्ही खुर्चीतून उठत नाही. उद्या आरशाऐवजी कुणाचं डोकं फुटलं तरी हेच ऐकवणार का, इम्युनिटी? जहाज गेलं तिसऱ्या दिवशी. टोइंगचा दंड मी त्याच दिवशी भरलाय.