सुईची भीती नव्हे, हिमोग्लोबिन

बायका सुईला घाबरतात म्हणून रक्तदानाला येत नाहीत, हे एका लेखात वाचलेलं कारण काही पटलं नाही. आमच्या गणेशोत्सवातल्या शिबिरात बायका रांगेत असतात, पण बऱ्याचजणी हिमोग्लोबिन तपासणीच्या टेबलावरूनच माघारी जातात. रक्त द्यायला हिमोग्लोबिन किमान १२.५ (ग्रॅम प्रति डेसिलिटर) लागतं. गंमत बघा, १२.२ असेल तर ॲनिमिया (रक्तक्षय) नाही, पण रक्तही देता येत नाही! शिवाय राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय महिलांना ॲनिमिया आहेच. दोन रक्तदानांमधलं अंतरही पुरुषांना ९० दिवस, बायकांना १२०. निदान परत पाठवताना आकडा लिहून द्या, डॉक्टरांना दाखवा म्हणावं. नुसतं "मॅडम, तुमचं नाही चालणार" ऐकलेली बाई पुढच्या वर्षी कशाला येईल?